प्रेमपत्राच्या आतली पासवर्ड चोरी: २००० सालच्या एका वर्मची पूर्ण केस

४ मे २०००, गुरुवार. आशियातली ऑफिसं चालू होती आणि हाँगकाँगमधल्या लोकांच्या आउटलुकमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेलच्या प्रोग्राममध्ये, एकाच सब्जेक्टचे मेल धडाधड यायला लागले, 'आय लव्ह यू'. पाठवणारा ओळखीचा, कधी शेजारच्या टेबलवरचा, कधी दुसऱ्या शाखेतला, कधी थेट बॉस. आत एकच ओळ की सोबत जोडलेलं माझं प्रेमपत्र बघ, आणि खाली अटॅचमेंट. काही तासांत तोच मेल युरोपात, आणि अमेरिकेतले लोक सकाळी कामावर येऊन बसेपर्यंत तिथेही. ही गोष्ट बऱ्याच जणांना वरवर माहीत असते, प्रेमपत्राचा व्हायरस आला होता आणि त्याने लोकांचे फोटो उडवले एवढं लक्षात राहिलेलं असतं, पण तो मुळात कशासाठी लिहिला होता असं विचारलं तर पासवर्ड चोरायला हे उत्तर फार थोड्यांकडून येतं. मी ही केस चोरीच्या बाजूनेच मांडणार आहे, कारण आज आपले पासवर्ड ज्या वाटेने जातात ती वाट तेव्हाच पडली होती.

आधी ती अटॅचमेंट बघू. फाइलचं नाव होतं 'लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस'. खरं एक्स्टेंशन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी नावाची शेपटी, शेवटचं, व्हीबीएस, म्हणजे व्हिज्युअल बेसिक स्क्रिप्ट, डबल क्लिक केलं की चालू होणारा प्रोग्राम. पण विंडोज ओळखीच्या प्रकारांचं एक्स्टेंशन आपणहून लपवतं, त्यामुळे बहुतेकांना नाव दिसलं ते टीएक्सटीवर संपणारं, साधी टेक्स्ट फाइल, त्यात काय बिघडणार. वर व्हीबीएसचा आयकॉनसुद्धा गुंडाळलेल्या कागदासारखा, पत्रच वाटावं असा. आणि अशा स्क्रिप्ट चालवणारं विंडोज स्क्रिप्टिंग होस्ट विंडोज ९८ मध्ये पहिल्यापासून चालूच, त्याची घरी कोणाला गरज नसली तरी. म्हणजे फसलेल्या माणसाने मूर्खपणा केला असं म्हणणं मला अजिबात पटत नाही, त्याला स्क्रीनवर जे दाखवलं गेलं त्यावर त्याने विश्वास ठेवला, पाठवणाराही खरंच ओळखीचाच होता, फक्त ते पाठवलंय हे त्या पाठवणाऱ्यालाच माहीत नव्हतं.

क्लिक झाल्यावर काय व्हायचं ते थोडं सावकाश सांगतो कारण खरी मेख इथेच आहे.

पहिलं काम, स्वतःच्या प्रती ठेवणं. सिस्टिम फोल्डरमध्ये 'एमएसकर्नल३२' आणि विंडोज फोल्डरमध्ये 'विन३२डीएलएल' अशा नावांनी, दोन्हीच्या मागे व्हीबीएस. नावं मुद्दाम अशी की कोणी फोल्डर उघडून बघितलं तरी विंडोजचंच काहीतरी असेल म्हणून सोडून देईल, पुसायला हात धजणार नाही. मग रजिस्ट्रीमध्ये, जिथे विंडोज आपली सेटिंग ठेवतं, तिथे नोंद, म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला की हेही चालू. दुसरं काम, आउटलुकची अ‍ॅड्रेस बुक उघडून त्यातल्या एकूण एक पत्त्यावर तोच मेल पाठवणं. त्याच्या वर्षभर आधी, मार्च १९९९ मध्ये मेलिसा नावाचा असाच मेलने पसरणारा व्हायरस येऊन गेला होता, तो पहिल्या ५० पत्त्यांवर थांबायचा, हा थांबायचाच नाही, आणि मोठ्या कंपनीची अख्खी यादी अ‍ॅड्रेस बुकात असली तर एका क्लिकमध्ये हजारो मेल सुटायचे. तिसरं, एमआयआरसी नावाचा चॅटचा प्रोग्राम सापडला तर त्याच्या सेटिंगची फाइल बदलायची, म्हणजे चॅटरूममध्ये नवीन येणाऱ्यांना स्वतःची एक वेबपेजरूपी प्रत आपोआप जायची. चौथं काम फाइलींचं, जे सगळ्यांना आठवतं. जेपीजी फोटोंच्या जागी स्वतःची प्रत टाकायची आणि मूळ फोटो पुसायचा, वेबसाइट बनवणाऱ्यांच्या जेएस आणि सीएसएस फाइलींचंही तेच. एमपी३ गाण्यांना मात्र त्याने पुसलं नव्हतं, फक्त लपवलं होतं आणि बाजूला त्याच नावाची आपली प्रत ठेवली होती, ज्याला हे कळलं त्याने लपवलेल्या फाइली दिसतील असं सेटिंग करून गाणी परत मिळवली. फोटोंचं तसं नव्हतं, बॅकअप नसेल तर गेले.

आणि पाचवं काम, ज्याबद्दल कोणी फार बोलत नाही. इंटरनेट एक्स्प्लोररचं स्टार्ट पेज बदलायचं. फिलिपिन्समधल्या स्काय इंटरनेट या कंपनीच्या सर्व्हरवरचे चार पत्ते कोडमध्ये लिहिलेले होते, त्यातला एक कोणताही निवडून स्टार्ट पेज म्हणून लावायचा. म्हणजे पुढच्या वेळी माणसाने ब्राउझर उघडला की तो थेट त्या पत्त्यावर जाणार आणि 'विन-बग्जफिक्स' नावाची एक्झी फाइल, म्हणजे थेट चालणारा प्रोग्राम, खाली उतरवायला लागणार. नाव बघा, जणू मायक्रोसॉफ्टचीच दुरुस्ती आलीय. ती उतरलेली सापडली की वर्म तिची रजिस्ट्रीत नोंद करायचा आणि स्टार्ट पेज कोरं करून टाकायचा, म्हणजे मागे काही दिसायला नको. प्रेमपत्र होतं वर्म, आणि विन-बग्जफिक्स होता ट्रोजन, हे दोन शब्द लोक सरसकट एकाच अर्थाने वापरतात पण इथे दोघांची कामं स्वच्छ वेगळी दिसतात. वर्म म्हणजे जो स्वतःहून एका मशीनवरून दुसऱ्यावर जातो. ट्रोजन स्वतः पसरत नाही, तो उपयोगी काहीतरी असल्याचा आव आणतो आणि आत बसला की ज्याने पाठवलं त्याचं काम करतो. इथे वर्म हा पोस्टमन आणि ट्रोजन हा चोर.

चोर काय चोरत होता? डायल-अपचे पासवर्ड. तेव्हा घरून इंटरनेट म्हणजे फोनच्या लाइनवरून, युजरनेम पासवर्ड टाकून प्रोव्हायडरला कनेक्ट व्हायचं, आणि दर वेळी टाइप करायला नको म्हणून लोक 'पासवर्ड लक्षात ठेव' वर टिक करायचे. विंडोज ९५ आणि ९८ असे पासवर्ड एका पीडब्ल्यूएल फाइलमध्ये ठेवायचं. ती फाइल एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असायची, ऐकायला बरं वाटतं, पण एकदा तुम्ही लॉगिन झालात की त्यातले पासवर्ड वाचून दाखवायची सोय खुद्द विंडोजमध्येच होती आणि ती तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम वापरू शकत होता. म्हणजे कुलूप फोडावंच लागत नव्हतं, घरात शिरलेल्या कोणालाही घरच किल्ली काढून देत होतं. ट्रोजन ते पासवर्ड, कॉम्प्युटरचं नाव, युजरनेम, आयपी पत्ता आणि डायल-अपची माहिती गोळा करून फिलिपिन्समधल्याच एका ईमेल पत्त्यावर पाठवायचा. या चोरणाऱ्या प्रोग्रामचं नाव बारोक, आणि ते नाव वर्मच्या कोडमध्ये अगदी पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं, त्याच ओळीत तुटक्या इंग्रजीत शाळेत जायला आवडत नाही असंही, आणि पुढे मनिला, फिलिपिन्स.

आता डायल-अपचा पासवर्ड चोरून कोणी काय करणार असं आज वाटेल, बँक नाही, यूपीआय नाही. उत्तर मनिलातच आहे. ओनेल दे गुझमान, एएमए कॉम्प्युटर कॉलेजचा विद्यार्थी, त्याने वर्म सुटायच्या काही महिने आधीच कॉलेजात प्रबंधाचा प्रस्ताव दिला होता, विषय असा की दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधून इंटरनेटचे पासवर्ड काढून घेणारा प्रोग्राम, म्हणजे ज्यांना परवडत नाही त्यांनाही इंटरनेट वापरता येईल. कॉलेजने तो नाकारला, हे बेकायदेशीर आहे आणि आम्ही इथे चोर घडवत नाही अशा अर्थाचे शेरे मारून. मला हा प्रस्ताव सगळ्या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद वाटतो, कारण हेतू त्यात लेखी आहे आणि तो फाइली उडवणं हा नाही. इंटरनेट महाग होतं, त्याच्याकडे पैसे नव्हते, आणि इंटरनेट मिळणं हा हक्क आहे असं त्याचं म्हणणं होतं. कारण समजून घेता येतं, पण ज्याचा पासवर्ड गेला त्याच्या पैशातून ते तास जाणार होते हेही तितकंच खरं आहे आणि ते बाजूला ठेवून त्याला हिरो करणं मला पटत नाही.

पुढे २० वर्षांनी ब्रिटिश पत्रकार जेफ व्हाइटने त्याला मनिलात शोधून काढलं, तो मोबाइल दुरुस्तीचा छोटा स्टॉल चालवत होता, आणि तेव्हा त्याने पहिल्यांदा उघड कबूल केलं की हो, मीच लिहिला. त्याने सांगितलेला एक तपशील फार बोलका आहे. सुरुवातीला तो चॅटरूममध्ये भेटलेल्या लोकांना एकेक करून ट्रोजन पाठवायचा आणि तेही फक्त मनिलातल्याच लोकांना, कारण तिथलेच डायल-अप पासवर्ड त्याला वापरता येणार होते. मग २००० च्या मे मध्ये त्याने ते आपोआप पसरेल असं केलं, मनिलाची मर्यादा काढली, आणि लोक उघडतील म्हणून प्रेमपत्राचं नाव दिलं. पहिला मेल सिंगापूरच्या कोणाला तरी पाठवला आणि मित्राबरोबर प्यायला निघून गेला. जगभर काय चाललंय ते नंतर आईकडून कळलं, पोलिस मनिलात कोणा हॅकरला शोधतायत असं तिने ऐकलं होतं.

इथे थांबून एक विचार करा. लंडनमधल्या माणसाचा डायल-अप पासवर्ड मनिलातल्या मुलाच्या काय कामाचा? काहीच नाही. म्हणजे ज्या क्षणी मनिलाची मर्यादा निघाली त्या क्षणी चोरीचा उपयोग जवळजवळ संपला. आणि दुसरं त्याहून मोठं, वर्म इतका पसरला की लपणं शक्यच राहिलं नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने मेल बंद केले, पेंटागॉन आणि सीआयएपर्यंत तो पोचला, मोठमोठ्या कंपन्यांनी मेल सर्व्हरची वायरच काढून ठेवली. कॉम्प्युटरवरच्या हल्ल्यांच्या खबरी गोळा करणाऱ्या अमेरिकेतल्या सर्ट समन्वय केंद्राकडे ८ मे च्या संध्याकाळपर्यंत ६५० हून जास्त ठिकाणांहून खबर आली होती आणि त्यात ५ लाखांहून जास्त कॉम्प्युटर होते, आणि हे फक्त ज्यांनी कळवलं त्यांचं, एकूण आकडा कोटीच्या घरात धरतात. एवढा गोंधळ झाल्यावर तज्ज्ञांनी स्क्रिप्ट उघडून वाचली, वाचायला काही अवघड नव्हतं, कारण व्हीबीएस ही साधी टेक्स्ट असते, कंपाइल केलेली, म्हणजे फक्त मशीनला वाचता येईल अशी, नसते, सगळा कोड जसाच्या तसा समोर. त्यात ते चार पत्ते उघडे दिसले, स्काय इंटरनेटने ती पेजेस काढून टाकली, आणि त्यानंतर वर्म कितीही फिरला तरी त्याच्या स्टार्ट पेजवर उतरवायला काही उरलं नाही. पोस्टमन जगभर धावत राहिला आणि त्याच्या पिशवीतला चोर पहिल्याच दिवसात संपला.

कोड उघडा असण्याचा उलटा परिणामही झाला. ज्याला थोडंफार येतं तो सब्जेक्ट बदलून आपली आवृत्ती सोडायला लागला. त्यातली एक मदर्स डेच्या नावाने फिरली, मे महिना होताच, मेलमध्ये लिहिलेलं की भेटवस्तूसाठी तुमच्या क्रेडिट कार्डवरून ३२६.९२ डॉलर घेतलेत, पावती सोबत जोडलीय. प्रेमाऐवजी भीती. 'आय लव्ह यू' नावाचा मेल उघडू नका एवढंच ज्यांना सांगितलं गेलं होतं ते या पावतीला फसायला मोकळे होते, म्हणून कुठल्या तरी एका सब्जेक्टचं नाव घेऊन सावध करणं मला कायम अपुरं वाटत आलंय.

साफसफाईबद्दलही एक सांगायचं आहे. वर्मच्या प्रती पुसा, रजिस्ट्रीतली नोंद काढा, स्टार्ट पेज नीट करा, फोटो बॅकअपमधून आणा, एवढं झालं की माणसाला वाटतं सुटलो. पण ज्यांच्याकडे पेजेस निघायच्या आधी ट्रोजन उतरून चालला त्यांचा पासवर्ड मेलने निघून गेला होता, आणि निघून गेलेला पासवर्ड कुठलाही अँटीव्हायरस परत आणत नाही. तो बदलावाच लागतो. मशीन साफ होणं आणि खातं सुरक्षित होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अजूनही लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात. तपास स्काय इंटरनेटच्या नोंदींवरून मनिलाच्या पांडाकान भागातल्या एका फ्लॅटपर्यंत गेला, फिलिपिन्सच्या नॅशनल ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशनने ८ मे ला तिथे छापा टाकला, तिथे राहणाऱ्या, बँकेत काम करणाऱ्या एका तरुणाला आधी पकडलं, मग ओनेलचं नाव पुढे आलं. ११ मे ला तो काळा चष्मा लावून, तोंडावर रुमाल धरून पत्रकारांसमोर आला आणि चुकून सुटला असेल का या प्रश्नावर शक्य आहे एवढंच म्हणाला. अडचण अशी की फिलिपिन्समध्ये तेव्हा वर्म सोडणं हा गुन्हाच नव्हता. क्रेडिट कार्ड वगैरेंच्या गैरवापराविरुद्ध १९९८ चा एक कायदा होता तो लावून बघितला, तो बसला नाही, आणि ऑगस्ट २००० मध्ये आरोप मागे घेतले गेले. १४ जून २००० ला तिथे नवा ई-कॉमर्स कायदा आला, हॅकिंगला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान १ लाख पेसो दंड, पण कायदा मागच्या तारखेने लागत नाही. ज्या माणसामुळे तो इतक्या घाईने आला त्याला तो कधीच लागू झाला नाही.

मायक्रोसॉफ्टने जूनमध्ये आउटलुकसाठी सुरक्षा अपडेट काढलं, त्यानंतर स्क्रिप्ट आणि एक्झी अटॅचमेंट थेट उघडेनाशा झाल्या आणि कुठल्या प्रोग्रामने अ‍ॅड्रेस बुकला हात लावला तर आउटलुक विचारायला लागलं. हे चांगलंच झालं. पण यातून पोस्टमनचा रस्ता अडला, चोराचं काय?

चोरांनी या केसमधून जे उचललं ते म्हणजे गप्प राहणं. २००७ मध्ये दिसलेला झ्यूस नावाचा ट्रोजन फोटो उडवत नव्हता, मेलचा पूर आणत नव्हता, तो शांतपणे बसून बँकेच्या पानावर तुम्ही काय टाइप करताय ते उचलायचा. नंतर आलेले रेडलाइन आणि लुमा हे पासवर्ड चोरणारे प्रोग्राम तर अजून पुढचे, येतात, काही मिनिटांत ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड, कार्डाची माहिती, क्रिप्टोची वॉलेट असं सगळं गोळा करून पाठवतात, आणि कित्येकदा स्वतःला पुसूनही टाकतात. मशीन हळू होत नाही, काही बिघडत नाही, म्हणून कळत नाही. मे २०२५ मध्ये लुमावर कारवाई झाली तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांगितलं की १६ मार्च ते १६ मे या दोनच महिन्यांत त्यांना ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटर बाधित सापडले. प्रेमपत्राने जगाला हलवलं होतं, हे घडत असताना बहुतेकांना पत्ताच नव्हता.

आणि मूळ भोक जवळजवळ तेच राहिलं. ब्राउझर तुमचे पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवतो, पण विंडोजवर बरीच वर्षं ती किल्ली तुमच्या लॉगिनला बांधलेली होती, म्हणजे तुमच्या नावाने चालणारा प्रोग्राम ती मागू शकत होता, पीडब्ल्यूएल फाइलसारखंच. २०२४ मध्ये क्रोमने किल्ली ब्राउझरच्या प्रोग्रामलाच बांधायला सुरुवात केली, चोरांनी त्यावरही वाटा शोधायला घेतल्या. वर आता कुकी हा नवा माल आहे. तुम्ही एकदा ओटीपी टाकून लॉगिन झालात की वेबसाइट ब्राउझरकडे एक कुकी ठेवते, हा माणूस आत आलेला आहे अशी, ती कुकी उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकली तर बऱ्याच साइट्स ना पासवर्ड विचारत ना ओटीपी.

म्हणून आज कोणी मला सांगितलं की कसलातरी क्रॅक केलेला गेम किंवा फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून चालवलं आणि आता शंका येतेय, तर मी स्कॅन करा असं आधी म्हणत नाही. आधी ते मशीन नेटपासून तोडा, मग दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून ईमेलचा पासवर्ड बदला, ईमेल पहिला कारण बाकी सगळ्यांचे रीसेट तिथेच येतात, मग बँक, मग बाकीचे. त्याच मशीनवरून बदलू नका, नवा पासवर्डही जाईल. आणि पासवर्ड बदलल्यावर 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' हे बटण शोधून दाबा, त्याशिवाय काही ठिकाणी चोरलेली कुकी चालूच राहते. ईमेलमध्ये फॉरवर्डिंगचा एखादा नियम किंवा रिकव्हरीचा अनोळखी नंबर गुपचूप घातला गेलाय का तेही बघा. हे सगळं झाल्यावर मशीन, आणि तेही शक्य असेल तर विंडोज नव्याने टाकून.

आणि ते आपोआप लपणारं एक्स्टेंशन? विंडोज ११ मध्येही नवीन कॉम्प्युटर उघडला की ते लपवलेलंच असतं. फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेंशन्स, तिथे एक टिक करायची, दहा सेकंदांचं काम आहे, केलं नसेल तर आत्ता करून टाका.